चेहऱ्यावरचं पुरळ: चौघांनी चार कारणं सांगितली, आता ऐकायचं कुणाचं?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर लगेच कळेल. वय ३४. आठ महिन्यांपूर्वी नाकाच्या दोन्ही बाजूंना लाली आणि थोडा कोंडा. फॅमिली डॉक्टर म्हणाले ॲलर्जी आहे. खाजेची गोळी आणि एक क्रीम दिलं. चार दिवसांत चेहरा स्वच्छ. क्रीम थांबवलं की आठवड्यात पुन्हा लाली, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त, म्हणून ते क्रीम अधूनमधून चालूच राहिलं. पाचव्या महिन्यात गालांवर आणि हनुवटीवर बारीक पुटकुळ्या आल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी रोझेशिया (चेहऱ्यावर लाली आणि पुटकुळ्या आणणारा, दीर्घकाळ चालणारा त्वचेचा आजार) म्हणून जेल दिली. तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून तुम्ही ती सोडली. मग एका फिजिशियननी रक्त तपासलं, एएनए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची टेस्ट) १:८० पॉझिटिव्ह आली, आणि ‘ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) नाकारता येत नाही’ हे वाक्य घेऊन तुम्ही घरी आलात. चौथ्यांनी सगळं पोटातून आहे असं सांगून दूध आणि गहू बंद करायला लावलं. शेवटी तुमचा प्रश्न: चौघंही शिकलेले, मग मी ऐकू कुणाचं?

बावीस वर्षं मी त्वचारोगांची ओपीडी करतेय. असा चेहरा आणि अशी जाडजूड फाइल घेऊन येणारं कुणी ना कुणी दर आठवड्याला असतंच. तुमच्या हकिकतीत मला कुणी अडाणी डॉक्टर दिसत नाही. चौघांनी चार वेगळ्या दिवशी तुमचा चेहरा पाहिला, आणि पहिले सोडले तर प्रत्येकाने आधीच्या औषधानं बदललेला चेहरा पाहिला. पहिल्यांसमोर कोरं पुरळ होतं. दुसऱ्यांसमोर क्रीम लावून लावून रूप पालटलेलं. तिसऱ्यांनी चेहऱ्यापेक्षा कागद जास्त पाहिला. चौथ्यांकडे पोचेपर्यंत तुम्ही इतक्या वैतागला होता की कुणीतरी एक ठाम कारण सांगावं एवढंच हवं होतं, आणि त्यांनी ते सांगितलं.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर कोण बरोबर हे ठरवायच्या भानगडीत आत्ता पडले नसते. आधी कुठल्या महिन्यात चेहऱ्यावर काय होतं आणि त्या वेळी काय लावलं जात होतं, हे कागदावर उतरवलं असतं. चेहरा न पाहता मी निदान करू शकत नाही, करणारही नाही. पण हकीकत कुठे बोट दाखवतेय ते सांगता येईल.

सुरुवात त्या क्रीमपासून करू, कारण माझा सगळ्यात जास्त संशय तिथंच आहे.

माझ्याकडे नवीन पेशंट आला की मी सांगते, घरात चेहऱ्याला लावायचं जे जे आहे ते सगळं पिशवीत घालून आणा. संपलेलंसुद्धा. लोक लाजतात, मग एकदम टेबलावर ओततात. त्यात एखादी ट्यूब अशी असते की शेपटाकडून गुंडाळत गुंडाळत अगदी गळ्यापर्यंत आणलेली, आणि औषधाचं नाव त्या गुंडाळीच्या आत गेलेलं. ती उलगडून भिंगातून वाचली की बहुतेक वेळा मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एक नाव सापडतं. ही सगळी स्टेरॉइडं. पेशंटच्या मते ती ‘ॲलर्जीची ट्यूब’ असते, नाहीतर ‘डागांची’. काही डागांच्या क्रीममध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला स्टेरॉइड असतं, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. तुमच्या ट्यूबचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. पण चार दिवसांत स्वच्छ होणं, थांबवलं की उसळणं आणि दर वेळी जास्त उसळणं, ही चाल स्टेरॉइडची आहे.

चेहऱ्यावर स्टेरॉइड लावलं की रक्तवाहिन्या आकसतात आणि दाह दबतो. लाली ॲलर्जीची असो, कोंड्याची असो, रोझेशियाची असो की अगदी बुरशीची, पहिल्या आठवड्यात ती उतरते. म्हणजे आराम पडला म्हणून निदान बरोबर होतं असं धरता येत नाही. ही गफलत पेशंटची होते तशी डॉक्टरांचीही होते. काही आठवडे हेच चाललं की चेहऱ्याची मुळातच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ होते, क्रीम थांबताच आकसलेल्या रक्तवाहिन्या पूर्वीपेक्षा जास्त फुलतात, केसांच्या मुळांशी सगळ्यांच्याच राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे वाढतात आणि बारीक पुटकुळ्या उठतात. खाज कमी, आग जास्त. साध्या पाण्यानंसुद्धा चरचरतं. मग माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो, कारण तीच एक गोष्ट आजवर ‘लागू’ पडलेली असते.

यातलाच एक प्रकार तोंडाभोवती होतो. बारीक लाल दाणे हनुवटीवर, नाकाखाली आणि ओठांभोवती येतात, पण ओठाला लागून त्वचेची एक अरुंद कड साफ राहते. आरशात पाहा. ती कोरी कड दिसत असेल तर हे पेरिओरल डर्मटायटिस असण्याची शक्यता बरीच वाढते. दम्याचा किंवा नाकाचा स्टेरॉइड स्प्रे, जाड मेकअप आणि काहींच्या बाबतीत टूथपेस्टसुद्धा याला हातभार लावते, म्हणून तेही डॉक्टरांना सांगायचं. स्प्रे मात्र स्वतःहून बंद करायचा नाही.

आता पुरळ नेमकं कुठे आहे ते पाहू. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जी घडी उतरते, ती मी प्रत्येक पेशंटची बॅटरीचा उजेड बाजूनं पाडून बघते. समोरून पाडलेल्या उजेडात सगळं सपाट दिसतं. घडीच्या आत लाली आणि तेलकट पिवळसर खपली असेल, आणि भुवयांत, कानामागं, टाळूवर कोंडा असेल, तर तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस. आठ महिन्यांपूर्वीची ‘नाकाच्या बाजूची लाली आणि थोडा कोंडा’ मला तरी या वर्णनाशी जुळती वाटते. मॅलासेझिया नावाचं यीस्ट सगळ्यांच्याच त्वचेवर असतं, काहींची त्वचा त्याच्यावर चिडते. किटोकोनॅझोलसारख्या बुरशीविरोधी क्रीमनं आणि शाम्पूनं ते आटोक्यात येतं. अधूनमधून परतही येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

ल्युपसचं पुरळ गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर पसरतं, पण ही घडी बहुधा सोडून जातं. उन्हात गेल्यावर उठतं आणि काही दिवस ते काही आठवडे टिकतं. याउलट रोझेशियाची लाली येते-जाते: उकाडा, ऊन, गरम पेय, मद्य, राग, लाज असं काहीही निमित्त होतं आणि गाल तापल्यासारखे होतात. रोझेशियात डोळेही बऱ्याचदा चुरचुरतात, वाळू गेल्यासारखं वाटतं. हा प्रश्न विचारायचा राहून जातो, कारण डोळ्यांसाठी माणूस वेगळ्या डॉक्टरकडे गेलेला असतो. घडीचा नियम काही कायदा नाही. डर्मॅटोमायोसायटिस या दुर्मिळ आजारात पुरळ घडीतही शिरतं, पापण्या जांभळट होतात, आणि खुर्चीतून उठताना किंवा हात वर करून केस विंचरताना स्नायू साथ देत नाहीत. सावळ्या त्वचेवर तर लाली लाल दिसतच नाही. ती तपकिरी, जांभळट, कधी नुसती काळपट दिसते, आणि सेबोऱ्हिक डर्मटायटिसचे चट्टे फिकट दिसू शकतात. पाठ्यपुस्तकांतले फोटो बरीच वर्षं गोऱ्या चेहऱ्यांचेच असायचे, त्यामुळे मतभेदाचं एक कारण हेही आहे.

मग ‘ॲलर्जी’ म्हणणारे पहिले डॉक्टर चुकलेच का? असंही म्हणवत नाही. एक तर ‘ॲलर्जी’ हा शब्द दवाखान्यात फार सैल वापरला जातो. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘काहीतरी झालंय, घाबरू नका’ एवढाच असतो. दुसरं, खरी संपर्कजन्य ॲलर्जी चेहऱ्यावर होतेच, आणि ती फसवी असते. माझ्या एका पेशंटच्या पापण्या वर्षभर सुजत होत्या. डोळ्याला लावायचं सगळं बंद करून झालं होतं. कारण निघालं नेलपॉलिश. बोटांची त्वचा जाड, तिथं काही नाही. पण त्याच बोटांनी दिवसातून पन्नास वेळा डोळे चोळले जात होते. केसांच्या डायची ॲलर्जी अशीच टाळूला सोडून कानांवर, कपाळाच्या कडेला आणि मानेवर उठते. अशा ॲलर्जीत खाज जबरदस्त असते. तुम्ही आग होते लिहिलंय, खाज किरकोळ. म्हणून ही शक्यता मी यादीत ठेवते, पण वरच्या नंबरावर नाही.

तिची शंका उरलीच तर तपासणी आहे पॅच टेस्ट. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या ४८ तास चिकटवून ठेवतात, काढल्यावर एकदा आणि पुढे ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा एकदा वाचतात. योसेफ याडासोन यांनी १८९५ साली ही पद्धत मांडली आणि आजही तिला पर्याय नाही. रक्तातल्या आयजीई या प्रतिपिंडांची किंवा हातावर टोचून करायची टेस्ट वेगळ्या, तत्काळ होणाऱ्या ॲलर्जीसाठी असते. क्रीम-मेकअपच्या उशिरा उठणाऱ्या ॲलर्जीबद्दल ती काही सांगत नाही. पॅच टेस्टच्या काळात स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या तर निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, तेवढं आधी सांगा.

आता एएनए, कारण तुमची झोप त्यानं उडवलीय असं एकूण लिहिण्यावरून दिसतं. १:८० म्हणजे तुमचं रक्त ऐंशी पट पातळ केल्यावरही त्या प्रतिपिंडांची चमक दिसली. ठणठणीत माणसांचं रक्त तपासलं तरी १:४० ला सुमारे ३० टक्के लोक पॉझिटिव्ह निघतात, १:८० ला १० ते १५ टक्के, आणि १:१६० लाही ५ टक्क्यांच्या आसपास. उलट ल्युपस असलेल्या जवळपास सगळ्यांमध्ये एएनए पॉझिटिव्ह असते. म्हणून ही टेस्ट निगेटिव्ह आली तर ल्युपस बहुतेक बाद करायला उपयोगी पडते. एकट्या पॉझिटिव्हवर ल्युपस सिद्ध होत नाही. युरोप आणि अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ साली जे निकष मांडले, त्यात १:८० हा फक्त उंबरठा आहे. आत आल्यावर सांधे, किडनी, रक्तपेशी, त्वचा, विशिष्ट प्रतिपिंडं अशा बाबींचे मिळून किमान १० गुण भरावे लागतात. तेही निकष मुळात संशोधनासाठीचे आहेत, पण ‘एएनए आली म्हणजे ल्युपस’ ही समजूत त्यातून नक्की दूर होते.

तुमच्या फिजिशियनना मात्र मी दोष देणार नाही. ल्युपस चुकला तर किडनीपर्यंत जातो, त्यामुळे त्यांनी विचार केला हे योग्यच. फक्त पुढचे प्रश्न विचारायला हवे होते. सांधे सकाळी आखडतात का, सुजतात का? तोंडात टाळ्याला न दुखणारे व्रण येतात का? केस मूठभर गळतात का? बारीक ताप, लघवीला फेस, श्वास घेताना छातीत कळ, थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं? या सगळ्याला उत्तर ‘नाही’ असेल, लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन आणि रक्तपेशींचं प्रमाण ठीक असेल, तर १:८० बद्दल मी रात्र जागवणार नाही. एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर डीएसडीएनए आणि कॉम्प्लिमेंट या ल्युपससाठीच्या रक्ततपासण्या करून संधिवाततज्ज्ञांना दाखवायचं, आणि ते लवकर.

दूध-गव्हाबद्दल थोडक्यात. मुरुमांचा आणि आहाराचा काही प्रमाणात संबंध आहे. तुमचं वर्णन मुरुमांचं नाही. रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांची ‘फूड इनटॉलरन्स’ टेस्ट करून घेतली असेल तर तो कागद बाजूला ठेवा. तुम्ही काय खाता एवढंच ती सांगते. गहू सोडून दोन महिने झाले आणि चेहरा तसाच आहे असं तुम्हीच लिहिलंय, तेवढं उत्तर पुरेसं आहे.

या बाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगते. एका माणसाच्या गालावरच्या लाल चट्ट्याला मी इसब समजून सहा आठवडे स्टेरॉइड दिलं. तो माझ्याकडे यायच्या आधीही कसलंसं क्रीम लावतच होता. चट्टा थोडा दबायचा, थोडा पसरायचा. शेवटी ब्लेडनं कड खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बुरशीचे धागे. नायट्याला जी गोल उठावदार कड असते ती स्टेरॉइडनं पुसली गेली होती. याला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, म्हणजे वेष पालटलेला नायटा. १९६८ पासून हे नाव पुस्तकांत आहे आणि मला ते पाठही होतं. दहा मिनिटांची तपासणी, पण मी केली नव्हती. तेव्हापासून चेहऱ्याच्या एका बाजूलाच जास्त असलेलं किंवा स्टेरॉइड लावून पसरलेलं कुठलंही पुरळ मी खरवडल्याशिवाय सोडत नाही.

आतापर्यंतचं गोळा करून माझा अंदाज असा: सुरुवात बहुधा साध्या सेबोऱ्हिक डर्मटायटिसनं झाली, त्यावर स्टेरॉइडची सवय बसली, आणि आज आहे ते प्रामुख्यानं स्टेरॉइडनं घडवलेलं, रोझेशियासारखं दिसणारं पुरळ आहे. हे खरं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिलेला रोझेशिया अगदी चूक नव्हता, आणि जेलला मिळालेले तीन आठवडे फार कमी होते. मेट्रोनिडॅझोल, अझेलेइक ॲसिड, आयव्हरमेक्टिन, यांतलं काहीही असो, फरक पडला की नाही हे ८ ते १२ आठवड्यांनी ठरवायचं असतं. क्रीमचं नाव वाचल्यावर माझा हा सगळा अंदाज कोसळूही शकतो, म्हणून ते आधी वाचा.

स्टेरॉइड निघालं तर पुढची पायरी अवघड आहे आणि ती कुणी आधी समजावून सांगत नाही म्हणून लोक परत फिरतात. क्रीम थांबवल्यावर चेहरा आधी बिघडतो. काही दिवसांत किंवा दोनेक आठवड्यांत लाली भडकते, सूज येते, पुटकुळ्या वाढतात, आग होते. सौम्य क्रीम थोडेच दिवस लावलं असेल तर हे लवकर निवळतं. तीव्र क्रीम महिनोन्‌महिने लावलं असेल तर काही महिनेही लागतात. अशा वेळी एकदम थांबवायचं की सौम्य स्टेरॉइडवर उतरत जायचं, टॅक्रोलिमस (स्टेरॉइड नसलेलं, दाह कमी करणारं मलम) मध्ये द्यायचं का, डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या द्यायच्या का, हे समोर बसलेल्या डॉक्टरनं ठरवायचं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा, कारण डॉक्सिसायक्लिन मग चालत नाही. या काळात चेहऱ्याला लावायच्या वस्तू तीनच: सौम्य, बिनवासाचा क्लेंझर, साधं मॉइश्चरायझर, आणि सोसेल तर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. स्क्रब, व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, टोनर, घरगुती लेप, सगळं कपाटात.

बायोप्सीबद्दल विचारलंय. चेहऱ्यावर ३ किंवा ४ मिलिमीटरचा पंच (त्वचेचा बारीक गोल तुकडा) घेतला तर बारीक व्रण राहू शकतो, आणि स्टेरॉइड चालू असताना घेतला तर ‘विशेष काही नाही’ असा अहवाल यायची शक्यता मोठी. ल्युपसची शंका खरोखर उरली तर जरूर करावी, त्वचेत साचलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणाऱ्या इम्युनोफ्लुरेसन्सच्या तपासणीसह. आज मी सांगणार नाही.

पाचव्या नव्या डॉक्टरकडे जायची मला गरज वाटत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या त्वचारोगतज्ज्ञांकडेच परत जा. जेल सोडल्याचं सांगायला संकोच वाटेल, पण सांगा. त्यांनी तुमचा चेहरा एकदा पाहिलाय, तुलना तेच करू शकतात. बरोबर पिशवीत सगळ्या ट्यूबा न्या आणि महिन्यांचा तो कागद: कधी सुरू झालं, काय लावलं, किती दिवस, थांबवल्यावर काय झालं. ‘मला रोझेशिया आहे का’ असं न विचारता ‘हे स्टेरॉइडमुळे असू शकतं का, आणि एकदा खरवडून बुरशी पाहाल का’ असं विचारा.

वाट न पाहता लगेच दाखवायची वेळ कोणती, तेही सांगून ठेवते. डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा नजर धूसर झाली, ओठ-जीभ सुजून श्वास घ्यायला त्रास झाला, तापासोबत गालाचा एक भाग गरम, टणक आणि दुखरा होऊन झपाट्यानं पसरू लागला, तोंडात किंवा डोळ्यांत फोड येऊन कातडी सुटू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. चेहऱ्यावरचा एखादा फिकट चट्टा स्पर्शाला बधिर लागत असेल तर तो मात्र वेगळा विषय, त्याची कुष्ठरोगासाठी तपासणी व्हायला हवी. तुमच्या लिहिण्यात यातलं काही नाही.

आणि फोटो. उद्यापासून दर चार दिवसांनी एक, सकाळी तोंड धुवायच्या आधी, त्याच खिडकीपाशी, फोनचा ब्युटी मोड बंद करून. समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक. पुढच्या भेटीत ते तारखांच्या क्रमानं डॉक्टरांसमोर ठेवा. आणि ट्यूबचं नाव कळलं की इथंच लिहा, मी पाहीन.